प्राणीहक्क चळवळीतल्या सहकाऱ्यांना खुलं पत्र: गर्भपाताच्या प्रश्नावर आपण किती दिवस गप्प बसणार?

सहकाऱ्यांनो, नमस्कार.

आपल्याला कुणी विचारलं की गर्भपाताबद्दल तुमचं काय म्हणणं आहे, तर आपलं उत्तर ठरलेलं असतं, तो आमचा विषय नाही, आम्ही प्राण्यांसाठी काम करतो. मग समोरचा म्हणतो अच्छा, म्हणजे कोंबडीच्या पिल्लासाठी रडणार आणि माणसाच्या पिल्लाचं काही नाही, आणि आपण एकतर चिडतो नाहीतर विषय बदलतो. विचारणारा बऱ्याचदा आपलं तोंड बंद करायलाच विचारत असतो, त्याला ना कोंबडीचं पडलेलं असतं ना बाईचं, हे मलाही दिसतं. पण त्याचा हेतू वाईट आहे म्हणून प्रश्न काही खोटा ठरत नाही. आणि खरं सांगायचं तर तो आपलाच विषय आहे, कारण कोणत्या जीवाचं दुःख मोजायचं आणि कशावरून मोजायचं हेच तर आपण लोकांना रोज सांगत असतो, मग नेमकं इथे आल्यावर हात झटकून कसं चालेल?

उदाहरण आपल्या घरातलंच घेते. वासराच्या गर्भाच्या रक्तातून जे सीरम काढतात त्याच्याविरुद्धचं आपलं पोस्टर आठवा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कत्तलखान्यात आलेली गाय गाभण निघाली की तिचं पोट फाडल्यावर गर्भाशय बाजूला काढतात, त्यातून गर्भ बाहेर काढतात, साधारण तीन महिन्यांपेक्षा मोठा असला तरच तो कामाचा, कारण त्याआधी हृदय फारच लहान असतं. मग फासळ्यांच्या मधून सुई थेट हृदयात घालतात आणि रक्त निर्जंतुक पिशवीत ओढून घेतात. ते रक्त साकळू देतात, फिरवून त्यातलं सीरम वेगळं करतात, आणि पिवळट तपकिरी रंगाचा तो द्रव बाटल्यांत भरून जगभरच्या प्रयोगशाळांत जातो, पेशी वाढवायला. २०१३ मधे प्रयोगशाळेत वाढवलेल्या मांसाचा जो पहिला बर्गर सगळ्या जगाला दाखवला तोही याच सीरमवर वाढवला होता, म्हणजे प्राण्याला न मारता मांस मिळवायच्या स्वप्नाची सुरुवातसुद्धा या सुईपासूनच झाली. आपण यावर पोस्टर केलं ते बरोबरच केलं. पण त्यावर आपण लिहिलं काय? "त्याचं हृदय धडधडत होतं." आणि खाली "न जन्मलेलं बाळ".

आता हेच दोन शब्दप्रयोग गर्भपातबंदी मागणाऱ्यांच्या पोस्टरवर असतात की नाही ते सांगा. टेक्सासमधे २०२१ ला जो कायदा आला तो हृदयाच्या ठोक्याच्याच नावाने आला, साधारण सहाव्या आठवड्याला अल्ट्रासाउंडवर जी हालचाल दिसते तिच्या आधारावर, जेव्हा कितीतरी बायकांना आपण गरोदर आहोत हेही माहीत नसतं. त्या कायद्यावर आपल्यातल्या बहुतेकांना राग आला होता, मलाही आला. पण ठोका हे वासराच्या बाबतीत कारण असेल तर माणसाच्या गर्भाच्या बाबतीतही ते कारण असलंच पाहिजे. आणि तिथे ते कारण नसेल तर आपल्या पोस्टरवरूनही ते काढायला हवं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं हे आपण मांस खाणाऱ्यांना ऐकवतो ना, की कुत्र्याला जवळ घेता आणि डुकराला कापता, मग तेच आपल्यालाही लागू आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की एका ठिकाणी जे कारण देतो ते दुसऱ्या ठिकाणी आपल्याला गैरसोयीचं झालं तरी सोडायचं नाही. उत्तर दोन्हीकडे सारखंच यायला हवं असं अजिबात नाही, पण कारण सारखं हवं. आणि मला वाटतं आपल्याकडे असं कारण आहे, चांगलं भक्कम आहे, आपण ते नीट बोलून दाखवत नाही इतकंच.

इंग्लिश तत्त्वज्ञ जेरेमी बेंथमने १७८९ मधे प्राण्यांबद्दल लिहिताना म्हटलं होतं की प्रश्न ते विचार करू शकतात का हा नाही, बोलू शकतात का हाही नाही, त्यांना यातना होतात का हा आहे. आपली सगळी चळवळ या एका वाक्यावर उभी आहे. जाणीव हवी, आत कुणीतरी हवं ज्याला काहीतरी होतंय. नुसतं जिवंत असणं पुरत नाही, झाडही जिवंत असतं. हृदय पुरत नाही, हृदय हा पंप आहे. कोंबडीच्या अंड्यात उबवायला ठेवल्यावर दुसऱ्या तिसऱ्या दिवशीच हृदय चालू होतं, चौथ्या पाचव्या दिवशी अंधारात अंड्यामागे दिवा धरला तर आत लाल शिरांचं कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी आणि मधे एक काळा ठिपका दिसतो. बघताना पोटात कालवतं हे खरं आहे. पण त्या वेळी तिथे वेदना जाणवून घेणारं कुणी आहे का, तर आज जे माहीत आहे त्यावरून नाही.

आणि हा काही नुसता तत्त्वज्ञानाचा पॉइंट नाही, यावर कायदे झालेत. जर्मनीत दरवर्षी साधारण साडेचार कोटी नर पिल्लं अंड्यातून बाहेर आल्याच्या दिवशीच मारली जायची, कारण ती अंडी देत नाहीत आणि मांसासाठी त्या जातीचा उपयोग नाही. १ जानेवारी २०२२ पासून तिथे हे बंद झालं. त्याऐवजी अंड्यातच नर की मादी ओळखायचं आणि नर असेल तर ते अंडं पुढे उबवायचंच नाही असं ठरलं. मग प्रश्न आला की कोणत्या दिवसापर्यंत. आधी ठरलं होतं की २०२४ पासून सहाव्या दिवसानंतर चालणार नाही, मग अभ्यास झाला, त्यात तेराव्या दिवसाच्या आधी वेदना जाणवत असल्याचं काही दिसलं नाही, म्हणून २०२३ मधे कायदा बदलून रेघ तेराव्या दिवसावर नेली. तेव्हा आपल्यातल्या किती जणांनी म्हटलं की हा खून आहे? जवळजवळ कुणीच नाही. आपण म्हटलं पिल्लं चिरडण्यापेक्षा हे कितीतरी बरं, लवकरात लवकर ओळखण्याचं तंत्र आणा. म्हणजे सुरुवातीचा भ्रूण आणि जाणीव आलेलं पिल्लू यात आपण फरक करतो. तोच फरक माणसाच्या भ्रूणाबद्दल बोलायची वेळ आली की मात्र आपण मूग गिळून बसतो.

माणसाच्या गर्भात थॅलॅमस, म्हणजे संवेदना पुढे पोचवणारा मेंदूचा आतला भाग, आणि मेंदूचं बाह्यपटल यांची जोडणी साधारण चोविसाव्या आठवड्याच्या आसपास होते, म्हणून ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०१० मधे सांगितलं की त्याआधी वेदना जाणवणं शक्य दिसत नाही. अमेरिकेची सरकारी आकडेवारी बघितली तर नव्वद टक्क्यांपेक्षा जास्त गर्भपात तेराव्या आठवड्यापर्यंत होतात आणि एकविसाव्या आठवड्यानंतरचे एका टक्क्याच्या आसपास. तर मग आपल्याच निकषाने बहुतेक सगळ्या गर्भपातांत ज्याच्यावर अन्याय झाला असं म्हणावं असा कुणी तिथे नसतोच. हे बोलायला आपल्याला कसली भीती वाटते?

पण हे इथेच सोडून दिलं तर मीही सोयीचं तेवढंच सांगितलं असं होईल. २०२० मधे स्टुअर्ट डर्बिशायर आणि जॉन बॉकमन या दोन संशोधकांनी मिळून गर्भाच्या वेदनेवर एक लेख लिहिला. यातले डर्बिशायर गर्भपाताच्या हक्काच्या बाजूचे, आणि २००६ मधे त्यांनीच लिहिलं होतं की गर्भाला वेदना होत नाहीत. बॉकमन गर्भपाताच्या विरोधातले. दोघांनी मिळून म्हटलं की आता जो पुरावा आहे त्यावरून बाराव्या आठवड्यापासूनसुद्धा काही प्रमाणात वेदना असण्याची शक्यता नाकारता येत नाही. गर्भपात योग्य की अयोग्य यावर दोघांचं पटत नाही हे त्यांनी तिथेच लिहिलंय. बरेच तज्ज्ञ त्यांच्याशी सहमत नाहीत, पण मला त्या लेखाचं कौतुक यासाठी वाटतं की पुरावा आपल्या बाजूच्या गैरसोयीचा निघाला तरी तो मांडता येतो हे त्यात दिसतं.

आता आपण खेकड्याचं काय केलं ते आठवा. खेकडा, झिंगा, ऑक्टोपस यांना वेदना होतात का हे शंभर टक्के सिद्ध झालेलं नव्हतं, तरी आपण म्हटलं की संशयाचा फायदा त्यांना द्या, आणि ब्रिटनने २०२२ च्या प्राण्यांच्या जाणिवेच्या कायद्यात त्यांना घेतलं. इतकंच काय, ब्रिटनचा प्राण्यांवरच्या प्रयोगांचा १९८६ चा कायदा सस्तन प्राण्यांच्या गर्भालाही वाढीच्या शेवटच्या तिसऱ्या भागात संरक्षण देतो, म्हणजे प्रयोगशाळेतल्या उंदराच्या पोटातल्या पिल्लाच्या वेदनेचाही हिशोब तिथे धरला जातो. जर्मनीत २०१७ पासून गाभण जनावर शेवटच्या तिसऱ्या भागात असेल तर ते कत्तलीला द्यायला बंदी आहे, शेळ्या मेंढ्या सोडून. या सगळ्याला आपला पाठिंबा आहे. मग उशिराच्या गर्भपातात गर्भालाही वेदनाशामक किंवा भूल द्यावी, बाईच्या तब्येतीला धोका नसेल तिथे, असं कुणी म्हटलं की आपण लगेच त्याला विरोधी गोटातला का समजतो? खेकड्याला दिलेला संशयाचा फायदा वीस आठवड्यांच्या माणसाच्या गर्भाला नाही असं म्हणायला आपल्याकडे एकही कारण नाहीये. खरी अडचण एवढीच आहे की हे बोललं तर आपले राजकीय मित्र नाराज होतील.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, जे सांगायला मी खरंतर हे पत्र लिहायला घेतलं. जाणीव आहे की नाही एवढ्यावर प्रश्न संपत नाही, कारण गर्भ कुठेतरी हवेत वाढत नाही, तो एका बाईच्या शरीरात वाढतो. अमेरिकन तत्त्वज्ञ ज्युडिथ जार्विस थॉमसन यांनी १९७१ मधे हा मुद्दा असा मांडला होता: समजा तुम्ही सकाळी उठलात आणि तुमच्या शरीराला एक प्रसिद्ध व्हायोलिनवादक नळ्यांनी जोडलेला आहे, त्याच्या किडन्या निकामी आहेत, नऊ महिने तुम्ही असेच पडून राहिलात तर तो वाचेल. तो पूर्ण माणूस आहे, त्याला सगळं जाणवतं, त्याला जगायचा हक्क आहे, तरीही तुमचं शरीर तुमच्या मर्जीशिवाय वापरायचा हक्क त्याला मिळतो का? थॉमसन यांचं उत्तर नाही असं होतं आणि माझंही तेच आहे.

हे वाचताना तुम्हाला कुणाची आठवण येते? मला डुकरिणीची येते. साधारण दोन फूट रुंद आणि सात फूट लांब लोखंडी सांगाडा, त्यात ती उभी राहू शकते, बसू शकते, पण वळू शकत नाही, मागे काय आहे ते मान फिरवून बघूही शकत नाही, गजाला घासून घासून खांद्यावर जखमा झालेल्या असतात आणि समोरचा गज ती चावत राहते. ११४ दिवस गाभण, मग पिल्लं, काही आठवड्यांत पिल्लं काढून घेतात, लगेच पुन्हा कृत्रिम रेतन, पुन्हा तोच सांगाडा, आणि पिल्लांची संख्या कमी झाली की कत्तलखाना. गाईचं तर साधारण बाईसारखंच, नऊ महिने. आपण याला काय म्हणतो? तिच्या कोखेचा धंदा म्हणतो, तिच्या शरीरावर तिचा हक्क आहे म्हणतो, जबरदस्तीचं गाभणपण म्हणतो. हा युक्तिवाद आपण गाई डुकरांसाठी इतक्या तळमळीने मांडतो आणि तोच जसाच्या तसा बाईला लागू होतो तेव्हा तो आमचा विषय नाही! माझ्या मते प्राणीहक्काचा गाभाच हा आहे की कुणाचंही शरीर दुसऱ्या कुणाचं साधन नाही, आणि हे मानणाऱ्याने नको असलेली गरोदरपणं बाईवर लादायला पाठिंबा देणं हे त्याच्या स्वतःच्याच बोलण्याच्या विरुद्ध आहे.

मग वासराच्या गर्भाचं काय, तो आणि माणसाचा गर्भ यात फरक कशाने पडतो? वासरू आहे म्हणून नाही. फरक असा की तिथे गाईने स्वतःच्या शरीराबद्दल काही ठरवलेलं नसतं. तिला आधी गाभण केलं जातं, मग मारलं जातं, आणि तिच्या पोटात जे होतं त्याचाही माल केला जातो, तिन्ही निर्णय तिसऱ्याचेच. गर्भपातात ज्या शरीराचा प्रश्न आहे तीच व्यक्ती निर्णय घेते. म्हणून मी सीरमच्या विरोधात आणि गर्भपाताच्या हक्काच्या बाजूने एकाच कारणाने उभी राहू शकते. पण "न जन्मलेलं बाळ" हे शब्द वापरून नाही राहू शकत.

'अ‍ॅनिमल लिबरेशन' लिहिणारे तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांचं नाव इथे काढावंच लागेल कारण आपल्याला नेहमी त्यांच्यावरूनच घेरतात. त्यांनी निव्वळ जाणिवेचं आणि स्वतःच्या भविष्याचं भान असण्याचं सूत्र इतकं ताणलं की गंभीर अपंगत्व असलेल्या नवजात बाळाला मारणंही कधी योग्य ठरू शकतं इथपर्यंत नेलं, आणि अपंगांच्या संघटना त्यांच्यावर तुटून पडल्या. मला ते मान्य नाही, आणि सुसंगत राहायचं म्हणून मान्य करावंच लागेल असंही नाही. जन्मलेल्या बाळाला सगळं जाणवतं आणि ते कुणाच्याही शरीरात नसतं, दुसरं कुणीही त्याला सांभाळू शकतं, दोन्ही कारणं तिथे त्याच्याच बाजूने आहेत.

जे गर्भपाताच्या विरोधात आहेत त्यांच्याशी मला इथे फार बोलायचं नाही, पत्र त्यांना नाही. एवढंच की गर्भाला वेदना होतात हे कारण देणाऱ्याने डुकरिणीच्या वेदनेवर बोलायला हवं, आणि माणूस आहे म्हणून असं कारण असेल तर मग वेदनेची चित्रं दाखवू नयेत, कारण वेदना हे त्याचं कारणच नाही. तत्त्वज्ञ डॉन मार्क्विस यांनी १९८९ मधे गर्भपाताविरुद्ध जो गाजलेला युक्तिवाद केला, की मारणं वाईट कारण त्याने एक मोलाचं भविष्य हिरावलं जातं, त्यात त्यांनी स्वतःच मान्य केलंय की हे काही सस्तन प्राण्यांनाही लागू होऊ शकतं. मॅथ्यू स्कली, जे अमेरिकेचे अध्यक्ष धाकटे बुश यांची भाषणं लिहायचे, ते गर्भपाताच्या विरोधात आहेत आणि कारखानी पशुपालनाच्याही विरोधात तितक्याच कळकळीने लिहितात. माझं त्यांच्याशी गर्भपातावर पटत नाही पण त्या माणसाचं कारण दोन्हीकडे एकच आहे, आणि राजकारणात हे फार दुर्मिळ झालंय. बहुतेक लोक भूमिका पॅकेजमधे घेतात, पक्ष निवडला की गर्भपात, प्राणी, बंदुका, हवामान सगळं सोबत फुकट मिळतं, विचार करायची गरजच नाही. आपणही तसेच होत चाललोय.

काही जण म्हणतील की हे उघड बोललो तर चळवळ फुटेल, आपल्यात दोन्ही मतांचे लोक आहेत. असतील, राहू देत. पण गप्प राहण्याची किंमत कोण देतं ते बघा. रोमानियात १९६६ मधे हुकूमशहा चाउशेस्कूच्या सरकारने गर्भपातावर बंदी आणली, १९८९ च्या डिसेंबरमधे ती उठेपर्यंत हजारो बायका चोरून केलेल्या गर्भपातांत मेल्या. आयर्लंडमधे २०१२ ला सविता हलप्पनवार यांचा गर्भ वाचणारच नव्हता हे डॉक्टरांना दिसत होतं तरी ठोके चालू आहेत म्हणून थांबले, आणि त्या जंतुसंसर्गाने गेल्या. त्या देशाने २०१८ मधे मतदान घेऊन घटना बदलली. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने जगातले जवळपास ४५ टक्के गर्भपात आजही असुरक्षित असतात. जिला सगळं जाणवतं, जिला भीती वाटते, जिला जगायचंय, अशा जीवाच्या यातनेबद्दल जर जाणिवेच्या नावाने उभी राहिलेली चळवळच बोलत नसेल तर तिचा उपयोग काय?

तर माझ्या मागण्या सरळ आहेत. पोस्टरवरून "न जन्मलेलं बाळ" आणि हृदयाच्या ठोक्याचं वाक्य काढा, त्याऐवजी त्या गाईबद्दल लिहा, जी आपण त्या पोस्टरवर दाखवलेलीच नाही. आपल्या भूमिकेच्या कागदात एक परिच्छेद घाला, मसुदा मी देते: "जाणीव नसलेल्या भ्रूणावर अन्याय होतो असं आम्ही मानत नाही. जाणीव असण्याची शक्यता जिथे आहे तिथे वेदना टाळण्याचा प्रत्येक उपाय व्हावा, प्राणी असो की माणसाचा गर्भ. आणि कोणत्याही मादीचं किंवा बाईचं शरीर तिच्या मर्जीविरुद्ध गर्भ वाढवण्यासाठी वापरलं जाऊ नये." पुढच्या बैठकीत मी हा ठराव म्हणून मांडणार आहे. ज्यांना विरोध करायचाय त्यांनी जरूर करा, फक्त जे कारण द्याल ते डुकरिणीच्या त्या सांगाड्यालाही लावून बघा आणि मग बैठकीला या.

तुमची,
चळवळीतलीच एक सहकारी